प्रेशर किती?

अग्निशमन सेवेच्या प्रशिक्षणाला मी दाखल झालो तेव्हा अग्निशामकाचे जे चित्र माझ्या मनात होते, त्यात ज्वाळा होत्या, शिडी होती आणि कुणाला तरी खांद्यावर घेऊन धुरातून बाहेर येणारा माणूस होता. तो माणूस आत असताना आपल्या जोडीदाराला काय सांगत असेल, हा विचार माझ्या मनाला कधी शिवलाही नव्हता. या सेवेत आज इतकी वर्षे काढल्यावर मात्र मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि ते मी कसे शिकलो, किंबहुना ते शिकायला मला किती वेळ लागला, हे इथे नोंदवून ठेवावेसे वाटते.

पहिले सहा आठवडे आम्हाला आगीचे दर्शनही झाले नाही. पहाटे धावणे, मग स्क्वाड ड्रिल, आणि त्यानंतर दुपारपर्यंत होज, म्हणजे पाण्याची लांब नळी: उलगडणे, जोडणे, सोडवणे, पाणी निथळवणे आणि पुन्हा गुंडाळणे. ६३ मिलिमीटर व्यासाचा, ३० मीटर लांबीचा डिलिव्हरी होज रिकामा असताना एक माणूस खांद्यावर टाकून धावू शकतो. तोच भरला की नुसत्या आतल्या पाण्याचे वजन ९० किलोच्या वर जाते, आणि तो जिन्याच्या वळणावर अडकला तर दोघांनी ओढूनही हलत नाही. २० मिलिमीटरच्या नोझलमधून ७ बार दाबाने पाणी सोडले की मिनिटाला सुमारे ७०० लिटर पाणी बाहेर पडते आणि ब्रांच, म्हणजे होजच्या टोकाचा नोझल बसवलेला नळ, धरणाऱ्याला जवळजवळ ४५ किलो वजनाइतका जोर सतत मागे रेटत राहतो. हे सगळे वर्गात फळ्यावर लिहिलेले होते आणि मी ते वहीत नीट उतरवूनही घेतले होते. तरीही ‘वॉटर ऑन’ची हाळी गेली आणि ब्रांच हातात उसळली तेव्हा मी दोन पावले मागे गेलो, पाठीमागच्या सहकाऱ्याने वेळेवर खांदा लावला नसता तर मी पडलो असतो आणि मोकळी सुटलेली ब्रांच कुणाच्या तरी डोक्यात बसली असती.

ड्रिलमध्ये माणसाला नाव नसते, नंबर असतो, आणि नंबर रोज बदलतो. काल पंपावर असलेला आज ब्रांचवर असतो आणि उद्या हायड्रंटवर, म्हणजे आगीसाठीच्या पाण्याच्या नळावर. मिळालेली आज्ञा मोठ्याने परत म्हणायची आणि मगच हलायचे, असा नियम होता. सुरुवातीला मला ही पद्धत बालिश वाटे. पंप पूर्ण जोरात चालू असताना, हेल्मेटच्या आत, वीस पावलांवरच्या माणसाचे बोलणे किती आणि कसे ऐकू येते याचा अनुभव आल्यावर तसे वाटणे थांबले. शिडी भिंतीला लावताना तिचा पाया उंचीच्या एक चतुर्थांश अंतरावर ठेवणे आणि डोळ्यांवर पट्टी बांधून खुर्चीची गाठ, म्हणजे माणसाला दोराने खाली उतरवण्याची गाठ, मारणे या गोष्टी मला लवकर जमल्या, आणि कदाचित त्यामुळेच माझ्या मनात स्वतःबद्दल थोडा अधिकच विश्वास निर्माण झाला.

दुपारच्या वर्गात इतिहास असे. तो आम्हाला सनावळ्या पाठ करून घेण्यासाठी शिकवला जात नसे, हे मी मुद्दाम सांगतो. एडिंबरोमध्ये १८२४ साली जेम्स ब्रेडवूड यांनी पगारी अग्निशामकांचे दल उभारले तेव्हा त्यांनी सुतार, गवंडी, कौलारू छपरे घालणारे आणि नळकाम करणारे कारागीर निवडले, कारण इमारत कशी बांधली जाते हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ती कशी कोसळेल याचा अंदाज येतो. रस्त्यावरून लांबून पाणी फेकण्याऐवजी आत शिरून आगीच्या मुळावर पाणी मारायला त्यांनी शिकवले. पुढे लंडनच्या दलाचे प्रमुख असताना, १८६१ साली टूली स्ट्रीटच्या आगीत भिंत अंगावर कोसळून त्यांचा मृत्यू झाला. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशामक मरण पावले. त्या जहाजात कापसाच्या गासड्यांबरोबर सुमारे १४०० टन स्फोटके भरलेली होती. अमेरिकेतील मान गल्च येथे ५ ऑगस्ट १९४९ रोजी डोंगरउतारावरचे पेटलेले गवत अंगावर धावून येत असताना वॅगनर डॉज या तुकडीप्रमुखाने स्वतःच्या पुढ्यातले गवत पेटवले, त्या जळून गेलेल्या जागेत तो आडवा झाला आणि इतरांनाही आत बोलावले. पण असे काही कुणी पूर्वी पाहिलेले किंवा शिकलेले नसल्यामुळे त्याच्या माणसांना त्याचे म्हणणे कळलेच नाही. डॉज वाचला, तेरा जण गेले. आमचे प्रशिक्षक प्रत्येक प्रसंगानंतर एकच विचारत: त्या क्षणी कुणाला काय माहीत होते, आणि ते दुसऱ्यापर्यंत पोहोचले का? आम्ही शौर्याबद्दल बोलू लागलो की ते शांतपणे ऐकून घेत आणि पुन्हा त्याच प्रश्नावर येत.

सातव्या आठवड्यात बीए सेट हाती आला. बीए सेट म्हणजे पाठीवर वाहून नेण्याचा श्वसनसंच. सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने हवा भरलेली असते, म्हणजे साधारण १८०० लिटर. मिनिटाला ४० लिटर असा हिशेब धरला तर ती ४५ मिनिटे पुरते. परंतु हा हिशेब कागदावरचा आहे. होज ओढत जिना चढणारा घाबरलेला माणूस त्याच्या दुपटीनेही हवा ओढू शकतो. दाब ५५ बारच्या आसपास आला की शिट्टी वाजू लागते आणि ती सिलिंडर संपेपर्यंत थांबत नाही. नवख्याला वाटते की शिट्टी वाजली की निघायचे. प्रत्यक्षात शिट्टी वाजेल त्या वेळी आपण बाहेर पोहोचलेले असले पाहिजे. आत जाताना ८० बार खर्च झाले असतील तर परतायलाही किमान ८० लागणार, त्यात शिट्टीचे ५५ मिळवायचे, आणि म्हणून काटा १४० च्या जवळ आला की हातातले काम कितीही जवळ आलेले असले तरी मागे वळायचे.

आत जाण्यापूर्वी प्रत्येकाने आपली टॅली, म्हणजे नावाची पट्टी, कंट्रोल बोर्डवर द्यायची. बोर्डवरचा माणूस नाव, दाब आणि वेळ लिहितो, आणि त्यावरून कोण कधी बाहेर यायला हवे हे काढतो. आतून ठरावीक वेळाने दाब कळवायचा. याबाबत आमच्या प्रशिक्षकांचा एक नियम अत्यंत कडक होता. ‘प्रेशर किती?’ या प्रश्नाला ‘ठीक आहे’ हे उत्तर चालणार नाही. ‘भरपूर आहे’, ‘चालेल’, ‘काळजी नको’ हेही चालणार नाही. आकडा सांगायचा, तोही काट्याकडे बघून, आठवणीतून नव्हे.

माझी चूक घडली ती धुराच्या चेंबरमध्ये. दिवस मला अजून लख्ख आठवतो. सकाळी उशीर झाला म्हणून मी दाढी केली नव्हती. गालावरचे खुंट मास्कच्या रबराला नीट बसू देत नाहीत हे आम्हाला शंभरदा सांगितलेले होते. मास्कमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित जास्त असल्याने फटीतून धूर आत येण्याऐवजी आतली हवा बाहेर निसटते, म्हणजे लगेच जीव गुदमरत नाही. फक्त सिलिंडर नेहमीपेक्षा कितीतरी लवकर रिकामा होतो. कानाजवळची ती बारीक सूं-सूं मला प्रवेशद्वारापाशीच ऐकू आली होती. त्याच वेळी बोललो असतो तर पाच मिनिटे गेली असती आणि दाढी न केल्याबद्दल दोन शब्द ऐकावे लागले असते. मी बोललो नाही.

आत आम्ही दोघे डाव्या भिंतीने निघालो. धुरात डोळ्यांचा उपयोग नसतो. हात भिंतीला असतो, दुसरा हात समोर, आणि तोही पंजा उलटा करून. कारण चुकून उघड्या तारेला स्पर्श झाला आणि स्नायू आखडले तर तळहात तार घट्ट पकडतो, उलटा हात आपोआप तिच्यापासून दूर ओढला जातो. पाय उचलायचा नाही, सरकवायचा. वजन मागच्या पायावर ठेवून पुढच्या पायाने जमीन आहे की नाही ते आधी पाहायचे. आम्हाला तिसऱ्या खोलीतून ७० किलोचा पुतळा बाहेर आणायचा होता. दुसऱ्या खोलीच्या दाराशी जोडीदाराने विचारले, ‘‘माझे एकशे नव्वद. तुझे किती?’’ मी काटा डोळ्यांसमोर धरला. तो १३० वर होता, म्हणजे परतीचा आकडा मागे पडून गेलेला होता. मी म्हणालो, ‘‘एकशे ऐंशी.’’

असे का म्हणालो, याचा मी पुढे बराच विचार केला आहे. मला हवा कमी पडण्याची भीती वाटली नाही असे नव्हे. पण जोडीदारापेक्षा साठ बारने कमी असल्याचे सांगण्याची लाज त्या भीतीपेक्षा मोठी होती, आणि ही लाज मला कुणी शिकवलेली नव्हती. मी ती घरून, शाळेतून, मैदानावरून बरोबर घेऊन आलो होतो.

शिट्टी वाजली तेव्हा आम्ही तिसऱ्या खोलीत पुतळ्याजवळ होतो. त्या बंद जागेत तिचा आवाज इतका कर्कश वाटला की क्षणभर मला भिंत कोणत्या हाताला आहे हेच समजेना. जोडीदाराने पुतळा सोडला, माझ्या पट्ट्यात हात घातला, बाहेर कळवले आणि होज चाचपत मला दारापर्यंत आणले. शेवटच्या वळणावर मास्क चेहऱ्याला ओढला जाऊ लागला होता. मी बाहेर आलो, मास्क काढला आणि गवतावर बसलो.

प्रशिक्षक ओरडतील अशी माझी अपेक्षा होती. ते कंट्रोल बोर्ड घेऊन माझ्याजवळ आले आणि खाली बसले. ‘‘इथे काय लिहिले आहे?’’ मी वाचले, ‘‘एकशे ऐंशी.’’ ते म्हणाले, ‘‘हा आकडा तू मला दिलास. या आकड्यावर मी मदतीच्या जोडीला मास्क न लावता बसवून ठेवले, कारण माझ्या हिशेबाने तुझ्याकडे अजून बराच वेळ होता. खरा आकडा असता तर ती दोन मुले तयार होऊन दारात उभी असती. तुझ्या हवेबद्दल खोटे बोलायचा अधिकार तुला आहे असे वाटत असेल, तर त्या दोघांच्या वेळेबद्दल खोटे बोलायचा अधिकार तुला कुणी दिला?’’ माझ्याजवळ उत्तर नव्हते. संध्याकाळी मी जोडीदाराची क्षमा मागितली. तो म्हणाला, ‘‘उद्या पुन्हा माझ्याबरोबरच ये.’’ दुसऱ्या दिवशी मी दाढी करून गेलो, आणि पहिल्याच तपासणीला माझा आकडा त्याच्यापेक्षा वीसने कमी निघाला. तो सांगताना घसा कोरडा पडला होता, पण मी तो सांगितला.

त्यानंतर पोलादी कंटेनरमधला आगीचा सराव झाला. एका टोकाला लाकडी पाट्या पेटवलेल्या, आणि आम्ही दुसऱ्या टोकाला जमिनीलगत बसलेलो. धूर हा आगीचा टाकाऊ भाग नसून तेही न जळलेले इंधनच आहे, हे वाक्य मी आधी ऐकले होते. तिथे ते डोळ्यांनी पाहिले. छताखाली साचलेला काळा थर हळूहळू खाली उतरत होता, आणि मग त्या थराच्या पोटात पिवळ्या जिभा सळसळत आमच्या डोक्यावरून मागच्या दाराकडे गेल्या. बंद खोलीत छताजवळचे तापमान ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या घरात पोहोचले की वरून येणाऱ्या नुसत्या उष्णतेने खालच्या सर्व वस्तू जवळजवळ एकाच वेळी पेट घेतात, आणि त्यात सापडलेल्या माणसाला अंगावरचा पोशाख काही सेकंदांपलीकडे वाचवू शकत नाही. म्हणून वर पाहायचे, ब्रांचमधून पाण्याचे छोटे, नेमके फवारे त्या थरात सोडायचे आणि थांबायचे. एक लिटर पाण्याची सुमारे १७०० लिटर वाफ होते. गरजेपेक्षा जास्त पाणी मारले तर तीच वाफ खाली उतरून आपल्यालाच भाजते. माझ्या बाबतीत थोडे तसेच झाले. हातमोजा आणि बाही यांच्यामधल्या फटीतून वाफ शिरली आणि मनगट चरचरले. या वेळी मी त्याच क्षणी ओरडून सांगितले. सराव थांबला, दार उघडले, मनगटावर थंड पाणी धरले, फट नीट बंद केली आणि आम्ही पुन्हा आत गेलो. प्रशिक्षकांनी एवढेच म्हटले, ‘‘वेळेवर सांगितलेस.’’ तेवढ्या दोन शब्दांचे मोल मला तेव्हा पदकापेक्षा कमी वाटले नाही, आणि आजही वाटत नाही.

केंद्रावर रुजू झाल्यावर कळले की चेंबरमध्ये शिकलेले तिथे आपोआप टिकत नाही. ड्युटी बदलताना प्रत्येक जण स्वतःचा सेट स्वतः तपासतो, दुसऱ्याने तपासला आहे म्हणून सोडत नाही. ही शिस्त पक्की होती. पण तोंडाने सांगण्याची सवय ही ज्येष्ठांकडे पाहून लागते किंवा मोडते, असे माझे निरीक्षण आहे. माझे भाग्य असे की माझ्या पहिल्या मोठ्या वर्दीला, म्हणजे आगीच्या बोलावण्याला, एक अनुभवी सहकारी पुढे होते. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणत असू. जुने घर होते, लाकडी मजला होता. कुऱ्हाडीच्या दांड्याने जमीन ठोकत ते जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबले आणि रेडिओवर म्हणाले, ‘‘मजला मऊ लागतो आहे. आम्ही मागे येतो आहोत.’’ आम्ही खाली आलो आणि खिडकीतून पाणी मारले. तो मजला शेवटपर्यंत पडला नाही. आग विझल्यावर आम्ही त्यावर उभेही राहिलो. तरीही केंद्रावर परतल्यावर, अधिकाऱ्यांनी सर्वांना बसवून घटनेचा क्रम काढला तेव्हा, दादांच्या त्या निर्णयाबद्दल कुणी चकार शब्द उलट काढला नाही. ज्या वेळी ते बोलले त्या वेळी त्यांना जे कळले होते तेच त्यांनी सांगितले होते, आणि तेवढे पुरेसे मानले गेले. मजला पडला असता तर त्यांचे कौतुक सोपे होते. तो उभा राहूनही त्यांचा मान कमी झाला नाही, यावरून मला त्या केंद्राची पारख झाली.

सगळ्या जुन्या सवयी मात्र चांगल्या नव्हत्या. काजळीने काळे पडलेले हेल्मेट आणि धुराचा वास येणारा कोट ही आमच्याकडे कमाई समजली जात असे. नव्या मुलाचा स्वच्छ कोट पाहून हसणारे होते. त्या काजळीत काय असते याविषयी बोलणे भित्रेपणाचे मानले जाई. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ साली अग्निशामकाच्या कामातील संपर्काला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवत असल्याचा पुरेसा पुरावा असलेल्या गटात, टाकले. मेसोथेलिओमा, म्हणजे मुख्यतः फुफ्फुसांच्या आवरणाचा कर्करोग, आणि मूत्राशयाचा कर्करोग यांच्याबाबत तो पुरावा स्पष्ट आहे. त्यानंतर आम्ही घटनास्थळीच कोट ब्रशने आणि पाण्याने धुऊ लागलो, मान आणि हात लगेच पुसू लागलो, वापरलेला पोशाख गाडीच्या केबिनमध्ये न आणता बंद पिशवीत टाकू लागलो. बदल सहजासहजी झाला नाही. दादांचे हेल्मेट सर्वांत काळे होते. एका संध्याकाळी ते अंगणात ते घासत बसलेले दिसले, आणि मग बाकीच्यांनीही आपापली आणली.

एक वर्दी अशी आली की आम्ही पोहोचण्यापूर्वीच आत सर्व संपलेले होते. तपशील मी लिहिणार नाही. ज्यांचे गेले त्यांच्याच मालकीचे ते दुःख आहे. परतल्यावर गाडी धुतली, होज वाळत टाकले, सिलिंडर भरले. स्टेशन ऑफिसरांनी एकेकाला विचारले, ‘‘कसा आहेस?’’ सर्वांनी एकच उत्तर दिले: ठीक आहे. मीही दिले. चौथ्या दिवशी हजेरी झाल्यावर दादा रांगेतून न हलता म्हणाले, ‘‘साहेब, मी तीन रात्री झोपलेलो नाही.’’ बराच वेळ कुणी बोलले नाही. मग माझ्या शेजारचा म्हणाला, ‘‘मी दोन.’’ मी म्हणालो, ‘‘मीही तीन.’’ त्या सकाळी साहेबांनी ड्रिल रद्द केले, समुपदेशकांना बोलावून घेतले आणि आम्ही दुपारपर्यंत बसून राहिलो. त्या बसण्याचा मला झालेला उपयोग मी शब्दांत नीट मांडू शकत नाही, पण त्या रात्री मी झोपलो.

गेल्या महिन्यात एका तळघराच्या आगीत कंट्रोल बोर्ड माझ्याकडे होता. आत गेलेल्या पहिल्या जोडीतला एक मुलगा प्रशिक्षण संपवून जेमतेम दोन महिने झालेला होता. ठरलेल्या वेळी मी रेडिओवर विचारले, ‘‘प्रेशर किती?’’ ज्येष्ठाचा आवाज आला, ‘‘दोनशे दहा.’’ मग थोडी शांतता पसरली, आणि ती शांतता मला चांगलीच ओळखीची होती. त्यानंतर त्या मुलाचा आवाज आला, ‘‘एकशे पन्नास, सर. मास्क गळतो आहे. आम्ही मागे येतोय.’’

मी आकडा लिहिला, त्यापुढे वेळ लिहिली, आणि दुसऱ्या जोडीला मास्क लावायला सांगितले.